पांढरा डाग वरचा, काळा डाग आतला

गणपती तोंडावर आले की आपल्याकडे घराघरांत धांदल उडते. पडदे धुतले जातात, भिंतींवर रंगाचा हात फिरतो, आणि कुणाच्या तरी लक्षात येतं की ज्या टेबलावर मखर बसवायचं त्याचं पॉलिश पार गेलं आहे. आमच्या घरी हे लक्षात आलं ते माझ्या. आजोबांचं सागवानी टेबल, चिपळूणहून पुण्याला आलेलं. फळीवर कपबशांची पांढुरकी वर्तुळं, मागच्या कोपऱ्यात एक मोठा काळा डाग. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, बाहेर पावसाची झड लागली होती. मी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली, फळी घासली, दोन हात दिले आणि समाधानाने झोपले. सकाळी उठून पाहते तर टेबल पांढरं. कुणीतरी रात्री त्यावर ताक सांडून गेल्यासारखं.

घाबरून मी तिसरा हात दिला. तोही पांढरा झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला पॉलिशचं काम करणारे एक काका राहतात. त्यांना बोलावून आणलं. त्यांनी फळीवरून बोट फिरवलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "ताई, टेबलाला काही झालेलं नाही. हवेमुळे झालंय हे."

जुन्या फर्निचरला पॉलिश करताना जे बिघडतं त्याला नावं भरपूर आहेत: डाग, फोड, ओघळ, चिकटपणा, पापुद्रे, खड्डे. दुकानात विचारलं तर प्रत्येकावर एकेक डबा मिळतो. काकांच्या त्या वाक्यापासून मी मात्र आधी एवढंच विचारते: बिघाड कुठे आहे? लाकडात आहे, लाकूड आणि पॉलिश यांच्या मधे आहे, पॉलिशच्या पोटात आहे, की पॉलिश वाळत होतं तेव्हाच्या हवेत होता? जागा कळली की उपाय बहुतेक वेळा साधा निघतो. जागा चुकली तर आपण वरचा थर घासत बसतो आणि डाग खाली मजेत असतो. पुढचा हात दिला की झाकलं जाईल, ही आशा रंगकामात खरी ठरते. पॉलिश मात्र काचेसारखं पारदर्शक. त्याच्या प्रत्येक हाताबरोबर खालचा दोष जास्तच उजळतो.

टेबल पांढरं का झालं?

लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. हात दिला की स्पिरिट भराभर उडून जातं आणि लाखेचा पातळ पापुद्रा मागे राहतो. उडणारं द्रव जाताना उष्णता घेऊन जातं. हाताला सॅनिटायझर लावला की गार वाटतं, ते यामुळेच. टेबलाची फळीही तशीच गार होते.

आता पावसाळ्याची हवा घ्या. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर असतो. म्हणजे फळी जेमतेम तीन अंशांनी गार झाली की हवेतली वाफ तिच्यावर दवासारखी बसायला लागते. हे पाणी ओल्या लाखेत शिरतं आणि लाखेला नीट सलग बसू देत नाही. थरात अतिसूक्ष्म पोकळ्या आणि कण राहतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि थर दुधाळ दिसतो. ढग पांढरे दिसतात त्यामागेही असाच खेळ असतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या दुपारी तापमान तेच २८ अंश, पण आर्द्रता ४० टक्के असेल, तर दवबिंदू थेट १३ अंशांवर उतरतो. पातळ हाताने फळी एवढी गार होत नाही, त्यामुळे पॉलिश स्वच्छ वाळतं.

थिनरमध्ये विरघळवून लावतात त्या लॅकर नावाच्या पॉलिशलाही हीच बाधा होते. भर म्हणजे बाजारातल्या स्पिरिटमध्ये मुळातच थोडं पाणी असतं, आणि डबा उघडा राहिला तर ते हवेतून आणखी पाणी ओढून घेतं. मी वापरलेली बाटली गेल्या दिवाळीची होती, झाकण सैल. हे काकांना सांगितलं नाही.

अशा वेळी पहिला विचार येतो तो पंखा लावायचा. तो लावू नका. वाऱ्याने स्पिरिट आणखी जोरात उडतं, फळी आणखी गार होते, आणि पांढरेपणा वाढतो. घासायचीही गरज नसते, कारण दोष वरच्या थरातच आहे आणि लाख पुन्हा विरघळते. काकांनी मला चार दिवस टेबलाला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी चांगलं ऊन पडलं. त्यांनी कापसाचा बोळा धुवट मलमलीत बांधून पुरचुंडी केली, तिला नावापुरतं स्पिरिट लावलं आणि कुठेही न थांबता फळीवरून फिरवलं. पुरचुंडी जिथून गेली तिथला पांढरेपणा ओली पाटी वाळावी तसा निघून गेला. लाख वरवर विरघळली, अडकलेलं पाणी बाहेर पडलं, लाख पुन्हा सलग बसली. पुरचुंडी जास्त ओली असती किंवा एका जागी थांबली असती, तर तिथलं पॉलिश सोलून निघालं असतं.

लॅकरसाठी दुकानात सावकाश उडणारं थिनर मिळतं, त्याला रिटार्डर म्हणतात. ते थोडं मिसळलं की फळी एवढी गार होत नाही. पण खरा उपाय पंचांगात आहे. आपल्याकडे पॉलिशचा हंगाम दिवाळी ते होळी. मे महिन्यातही जपूनच, कारण तेव्हा उलटा त्रास होतो: वरचा थर इतक्या लवकर वाळतो की खालचं द्रव आणि लाकडाच्या छिद्रांतली हवा फुगे करून वर येते. उन्हात तापलेली फळी सावलीत आणून, थंड होऊ देऊन मगच तिला हात द्यावा.

आधी ओळख करून घ्या

जुन्या वस्तूवर पूर्वी काय लावलेलं आहे हे कळेपर्यंत तिच्यावर काहीही लावू नये. तपासणी दोन थेंबांची आहे. फळीच्या खालच्या अंगाला किंवा मागच्या पायावर स्पिरिटचा थेंब टाका, मिनिटभर थांबा, बोट लावून पाहा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही तर शेजारी थिनरचा थेंब टाका. त्याने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे वाळल्यावर पुन्हा न विरघळणारी पॉलिशं. थिनरने विरघळण्याऐवजी सुरकुतलं तर तेलाचं वार्निश किंवा रंग असण्याची शक्यता जास्त.

एवढ्या उठाठेवीचं कारण असं की लाख आणि लॅकर यांचा नवा हात जुन्या हातात मिसळून एकजीव होतो, मेलामाइन आणि पीयूचा होत नाही. त्यांवर नवा थर नुसता बसतो, आणि त्याला धरायला जुन्या थरावर बारीक ओरखडे लागतात. ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवला नाही तर सहा महिन्यांत पापुद्रे निघायला लागतात. लाखेला हा त्रास नाही, म्हणून लाखेच्या जुन्या फर्निचरवरचं पॉलिश काढून टाकायची घाई करणं म्हणजे चांगल्या भिंतीचा गिलावा उगाच पाडण्यासारखं आहे. पन्नास वर्षांच्या लाखेचीही डागडुजी होते.

जाता जाता, या लाखेबद्दल. ती एका किड्याची देणगी आहे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे बसतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ते खरवडून, वितळवून, पत्रे ओढून, तुकडे केले की झाला चपडा. देशातली बरीचशी लाख झारखंडातून येते, आणि तिच्यावर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून आहे. ज्याला आपण ऐटीत फ्रेंच पॉलिश म्हणतो, ते एकोणिसाव्या शतकात युरोपभर गाजलं ते या भागातल्या किड्यांच्या जिवावर. लाक्षागृह जाळण्यासाठी लाखच का निवडली हेही तिच्याशी खेळताना समजतं: लवकर मऊ होते आणि छान पेटते.

दोन डाग, दोन घरं

आता टेबलावरच्या जुन्या डागांकडे. गरम किंवा ओल्या भांड्याचं पांढरं वर्तुळ हे वर सांगितलेल्या पांढरेपणाचंच धाकटं भावंड आहे. ओल पॉलिशच्या पोटात अडकलेली असते, लाकडाला अजून तिचा पत्ताही नसतो. वर्तुळ ताजं असेल तर सुती कापड चौपदरी घालून त्यावरून कोमट इस्त्री काही सेकंद फिरवली तरी जातं. उचलून पाहायचं, पुन्हा फिरवायचं. इस्त्रीत वाफेचं पाणी असता कामा नये, हे सांगायला नको, पण मी एकदा विसरले आहे. जुनं असेल तर लाखेवर स्पिरिटची पुरचुंडी, आणि बाकी पॉलिशवर पांढऱ्या टूथपेस्टसारखं काहीतरी सौम्य खरखरीत घेऊन बोटाने घासायचं, म्हणजे वरचा दुधाळ पापुद्रा तेवढा निघतो.

काळ्या डागाची गोष्ट वेगळी. पाणी पॉलिशमधून आरपार लाकडात गेलं, तिथे त्याला लोखंड भेटलं, आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्या लोखंडाची गाठ पडली. खिळा, बिजागरी, गंजलेल्या डब्याचं बूड, काहीही पुरतं. यातून जी काळी संयुगं बनतात तीच जुन्या काळी शाई म्हणून वापरत. हिरडा आणि हिराकस यांच्या काळ्या शाईचं मर्म हेच: एकाने टॅनिन द्यायचं, दुसऱ्याने लोह. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यातला डाग असा तंतूंपर्यंत उतरलेला होता. तो घासून काढायला गेलं तर खड्डा पडतो आणि डाग खाली शिल्लकच राहतो.

त्यावर उपाय आहे ऑक्झॅलिक आम्लाचा. रसायनांच्या दुकानात पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळतं. डागाच्या भागावरचं पॉलिश आधी पूर्ण काढायचं, नाहीतर आम्ल आत पोचतच नाही. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात गरम पाणी घ्यायचं, विरघळतील तेवढे स्फटिक घालायचे, आणि ब्रशने लावायचं. लावायचं ते पूर्ण फळीला. नुसत्या डागावर लावलं तर काळ्या ठिपक्याच्या जागी फिकट ठिपका मिळतो आणि लोक विचारतात हे काय झालं. वाळू द्यायचं, डाग फिका झाला का पाहायचं, लागलं तर पुन्हा लावायचं. मग भरपूर पाण्याने दोन-तीन वेळा पुसून काढायचं. वाळल्यावर राहिलेली पांढरी भुकटी कोरडीच घासू नका. ती नाका-घशात गेली तर चांगलीच झोंबते, आणि पोटात गेली तर विषारी आहे. हातमोजे आणि मास्क हवेतच. हल्लीची शाई सांडल्याचे, आगपेटीने जळल्याचे, तेलाचे डाग मात्र याने जातीलच असं नाही. आम्लाचं भांडण फक्त लोहाशी आहे.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. सागवान, बाभूळ यांसारख्या लाकडांवर स्टीलवूल वापरून मग पाण्यावर आधारलेलं पॉलिश लावलं, तर स्टीलचे अडकलेले बारीक तुकडे गंजतात आणि महिनाभरात फळीला देवीचे व्रण उठतात. अशा ठिकाणी नायलॉनची घासणी बरी.

मधल्या थराचे उपद्रव

सगळ्यात जास्त डोकेदुखी मला दिली आहे ती मधल्या थराने. दोष लाकडात नाही, पॉलिशही चांगलं, पण दोघांच्या मधे कुणीतरी बसलेलं असतं. पॉलिश लावताच ते जागोजागी मागे सरतं आणि वाटाण्याएवढी गोल, उघडी भोकं राहतात. माशाच्या डोळ्यांसारखी दिसतात म्हणून धंद्यात त्यांना फिशआय म्हणतात. तेलकट ताटात पाणी ओतलं की ते कसं जागा सोडून पळतं, तोच प्रकार. इथे तेलाचं काम करतं सिलिकोन. वर्षानुवर्षं फर्निचर चकचकीत दिसावं म्हणून जे फवारे मारतात, त्यांतल्या काहींत ते असतं. ते लाकडाच्या छिद्रांत मुरतं आणि घासल्याने निघत नाही. उलट पॉलिश पेपर ते सगळीकडे पसरवतो.

भोकं दिसली की वरून आणखी पॉलिश ओतू नका. ओलं असेपर्यंतच पुसून टाका. फळी टर्पेंटाइनने किंवा थिनरने धुवायची, आणि प्रत्येक वेळी स्वच्छ फडकं घ्यायचं. एकच फडकं फिरवलं तर आपण सिलिकोनची बदली करतो, हकालपट्टी नाही. मग मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात द्यायचा. लाख बहुतेक गोष्टींना चिकटते आणि तिच्यावर बहुतेक गोष्टी चिकटतात, म्हणून भांडणाऱ्या दोन थरांमध्ये ती मध्यस्थ म्हणून बसते. मेण काढलेलीच हवी, कारण साध्या चपड्यात चार-पाच टक्के मेण असतं, आणि त्यावर पीयू धरत नाही. घरच्या घरी करायचं तर लाखेचं द्रावण न हलवता काही दिवस ठेवायचं. मेण तळाशी बसतं, वरची नितळ लाख ओतून घ्यायची.

मधल्या थरातला दुसरा पाहुणा आपणच बोलावून आणतो. रंग काढायचं जे जेलसारखं रिमूव्हर मिळतं, त्यात ते लवकर उडून जाऊ नये म्हणून अनेकदा मेण घातलेलं असतं. रिमूव्हरने पॉलिश निघालं, फळी कोरडी दिसली, आपण खूश झालो आणि लगेच नवा हात दिला. मेण अजून तिथेच. मग पॉलिश वाळत नाही, वाळलं तर नखाने निघतं. म्हणून रिमूव्हरनंतर टर्पेंटाइनने धुणं हा कामाचाच भाग समजावा.

तिसरा पाहुणा कॉस्टिक सोडा. स्वस्त आहे, जुना रंग चटकन काढतो, म्हणून काही ठिकाणी दारं-खिडक्या थेट सोड्याने धुतात. पण टॅनिनवालं लाकूड त्याने काळवंडतं, आणि जुन्या खुर्च्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात, ते पाण्याने व उष्णतेने सुटतात. सोडा तंतूंत राहिला तर नवं पॉलिश कधीच सरळ वागत नाही. कुणी आधीच धुतलं असेल तर पातळ व्हिनेगरने पुसून, साध्या पाण्याने काढून, आठ-दहा दिवस सावलीत वाळवावं. खुर्चीला सोडा लावूच नये असं माझं मत आहे.

आणि चौथा, फेव्हिकॉल. सांधा दाबताना बाहेर आलेला गोंद ओल्या बोटाने पुसला की दिसेनासा होतो. मग रंग चढवताना त्या जागी फिकट धब्बे उठतात, कारण तिथली छिद्रं गोंदाने बुजलेली असतात आणि रंग आत शिरत नाही. हे आधी ओळखण्याची युक्ती फार सोपी आहे. पॉलिशला बसण्याआधी पूर्ण वस्तूवरून स्पिरिटचं फडकं फिरवा. ओल्या लाकडाचा रंग क्षणभर पॉलिश केल्यासारखा खुलतो, आणि गोंदाच्या जागा फिकट राहून ओरडून सांगतात. आडवे ओरखडेही तेव्हाच दिसतात. आधी जुनं पॉलिश काढलेलं असलं पाहिजे, नाहीतर लाखच चिकट होईल. मी ही युक्ती शिकल्यापासून निम्मी कामं वाचली.

न वाळणारं पॉलिश

एका मैत्रिणीच्या आईची शिसवी खुर्ची मी हौसेने घरी आणली. तेलाचं वार्निश लावलं. आठवडा झाला, दोन आठवडे झाले, बसलं की साडी चिकटायची. मी डबा जुना असेल म्हणून नवा आणला. तोही वाळेना.

दोष डब्याचा नव्हता. तेलाचं वार्निश पाणी वाळतं तसं वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. शिसवाच्या लाकडात नैसर्गिक असे काही पदार्थ असतात जे नेमकी ही क्रिया अडवतात. म्हणजे इथे बिघाड लाकडात होता. वार्निश काढून, फळी थिनरने पुसून, लाखेचा एक हात दिला आणि मग वार्निश. दुसऱ्या दिवशी वाळलं. लाखेने लाकडाला आत कोंडलं, एवढंच. सागवानातही तेल असतं. ते एवढा त्रास देत नाही, तरी घासल्यावर लगेच थिनरने पुसून त्याच दिवशी पहिला हात दिलेला बरा.

लाखच चिकट राहिली तर संशय तिच्या वयावर घ्यायचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख हळूहळू स्पिरिटशीच संयोग करत जाते, आणि सहा महिने ते वर्षभरानंतर ती कडक वाळायचं विसरते. म्हणून बाटलीवर तारीख लिहायची. शंका असेल तर काचेवर थेंब पसरवून पाहायचा; काही तासांनीही नखाचा ठसा उमटत असेल तर बाटली बाद. मेलामाइन आणि पीयू यांत दोन डबे असतात, त्यांचं प्रमाण अंदाजाने घेतलं तर एक तर ते मऊ राहतं किंवा तडकतं. स्वयंपाकात मीठ चवीपुरतं चालतं, इथे मापच लागतं.

रंग एकसारखा न येण्याची कारणं

सागवानाची गाभ्याची फळी सोनेरी तपकिरी आणि बाहेरचं लाकूड फिकट. दोन्ही एकाच फळीत आले तर कुठलंही पॉलिश त्यांना एक करत नाही. फिकट भागावर आधी पातळ रंग देऊन जवळ आणावं लागतं. आंबा, पाइन यांसारख्या लाकडांत रंग कुठे जास्त शोषला जातो, कुठे कमी, म्हणून ढगाळ डाग पडतात. त्यांना आधी खूप पातळ लाख द्यावी, मग रंग. फळीच्या टोकांना तंतू उघडे असतात, तिथेही तसंच करावं, नाहीतर टोकं काळी पडतात.

घासण्यातही घोटाळा होतो. ८० नंबरनंतर थेट २२० घेतला तर ८० चे ओरखडे तसेच राहतात, आणि रंग नेमका त्यांत भरून त्यांना ठळक करतो. ८०, १२०, १८०, २२० अशा पायऱ्या, आणि शेवटचा हात रेषेच्या दिशेने. २२० च्या पुढे कच्चं लाकूड घोटत बसलं तर ते इतकं गुळगुळीत होतं की रंग घेत नाही.

सागाची छिद्रं भरण्यासाठी आपल्याकडे चॉक पावडर वापरतात. तीत पिवडी, गेरू किंवा काव मिसळून लाकडाच्या रंगाची करावी लागते. घाईत पांढरीच भरली तर पहिल्या दिवशी पॉलिशच्या ओलीत दिसत नाही, पण वर्षभरात छिद्राछिद्रांतून पांढरे बारीक ठिपके डोकावतात. अशी फळी पुन्हा खरवडून, ब्रशने छिद्रं मोकळी करून भरण्याशिवाय गत्यंतर नाही. पॉलिशवाल्याकडून काम करून घेत असाल तर भरण लावताना एकदा समोर उभे राहा.

ओघळ, फुगे, धूळ हे तसे किरकोळ. ओघळ पूर्ण वाळू द्यायचा, ब्लेडने पातळ तासायचा, बारीक पेपर फिरवायचा. ओला असताना बोट लावलं की एकाचे दोन होतात. मॅट पॉलिश कुठे चमकतं कुठे नाही, तर डबा ढवळला नसेल; चमक कमी करणारी भुकटी तळाशी बसते.

तडकलेलं जुनं पॉलिश

मगरीच्या कातडीसारखं तडकलेलं जुनं पॉलिश दिसलं की हात शिवशिवतात. थोडं थांबा. ते लाखेचं असेल तर कोरड्या दिवशी मऊ ब्रशने स्पिरिट लावून ते जागच्या जागी पुन्हा विरघळवता येतं. तडे बुजतात आणि रंगही जुनाच राहतो. लॅकरचं असेल तर तेच काम थिनरने. ही खटपट फसली तर पॉलिश काढायचा मार्ग आहेच, पण आधी काढून टाकलं तर परतीचा रस्ता नाही. सागवान उजेडात वर्षानुवर्षं खुलून जो रंग धरतो, तो पॉलिश पेपरच्या एका दुपारीत निघून जातो. मग डब्यातला 'अँटिक टीक' शोधत फिरावं लागतं.

जुनी वस्तू रंगवलेली असेल तर कोरडी घासण्याआधी विचार करा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. असा रंग ओला ठेवून काढावा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. स्पिरिट, थिनरचं काम चालू असताना देवघरातली समई आणि स्वयंपाकाचा गॅस बंद. पॉलिशचं स्पिरिट विषारी असतं, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टोपलीत टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती दोरीवर एकेक पसरून वाळवायची, मग टाकायची.

माझ्या टेबलाचं काम त्या वर्षी तसंच अर्धवट राहिलं. गणपती चादर घातलेल्या टेबलावर बसले. फेब्रुवारीत मी फळी पुन्हा घेतली. काळा डाग दोन वेळा आम्ल लावल्यावर गेला, वर्तुळं इस्त्रीने गेली होतीच. लाखेचे आठ पातळ हात दिले, दोन हातांत काही तास सोडून, आणि शेवटच्या हातानंतर तीन आठवडे त्यावर काही ठेवलं नाही, कारण लाख बोटाला वाळलेली लागली तरी आतून कडक व्हायला वेळ घेते. यंदा मखर तिच्यावरच आहे. समईखाली मात्र जाड पाट ठेवला आहे, आणि नैवेद्याचं गरम ताट त्या टेबलावर येत नाही. लाख सत्तर-पंचाहत्तर अंशांना मऊ होते, आणि वाफाळत्या वरणभाताला तिथवर पोचायला फार कष्ट पडत नाहीत.